मधल्या रांगेचा नंबर

कंपनीचा पोरगा बूट काढून आत आला
(सांगलीच्या आमच्या ऑफिसात कुणीच काढत नाही)
आणि टेबलावर नंबर मांडले,
कासार बांगड्या मांडतो तसे.

"हा बघा. शेवटी पाच शून्यं. एकदा ऐकला की विसरणार नाही."
किंमत विचारली.
तेवढ्यात शिराळ्याच्या दवाखान्याला
लशीच्या चाळीस बाटल्या आल्या असत्या.
"मग टोल फ्री घ्या."
घेतला असता, मिनिटामागं पैसे आपण भरायचे,
त्यालाही कुणाची ना नव्हती.
पण जतच्या शेवटच्या वस्त्यांवर टॉवर कर्नाटकचा पकडतो,
तिथून लागेल का?
"विचारून सांगतो," म्हणाला.
अजून विचारतोय.

यादीच्या तळाशी पेन्सिलीनं खोडलेला एक होता.
कुणीतरी सोडून दिलेला, साधा, महिन्याला
आमच्या चहाच्या उधारीहून कमी.
शेवट दोन पाच आठ शून्य.

कपबशा उचलायला आलेल्या अनुसया ऐवळेला
डॉक्टर हुलवान बाई म्हणाल्या,
"मावशी, हा लावून बघा."
मावशी पगाराला अंगठा उठवते.
तिनं पदरातला बटनांचा फोन काढला, आकडे ऐकले.
"शेवट सोप्पा हाय की. मधल्या रांगंनं सरळ खाली.
इहिरीच्या पायऱ्या उतरल्यागत."
मग डोळे मिटून पुन्हा लावला.
पाचावर एक बारीक ठिपका असतो,
अंधारात बोटाला कळतो.
बारा वर्षं फोन वापरतोय,
मला ठाऊक नव्हतं.

ठराव झाला: सर्पदंश मदत क्रमांक.
त्यात एक ओळ माझी आहे,
एकोणीस वर्षांच्या नोकरीतली एकुलती एक:
ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने एक रिंग द्यावी,
उलट फोन कार्यालय करील.

पहिलाच कॉल.
"सत्तावीसला हळद, अठ्ठावीसला लग्न. बँडचं किती?"
दुसरा, वरातीला घोडा तुमचाच का.
तिसऱ्यानं ॲडव्हान्स परत मागितला, सात वर्षांपूर्वीचा.
मग कळलं, आष्ट्यापासून बागणीपर्यंत
कालव्याच्या प्रत्येक भिंतीवर
आमचा नंबर आमच्या आधीच रंगवलाय.

दस्तगीर शिकलगारना भेटायला गेलो.
डॉल्बी आला तसा बँड मोडला,
आता फवारणीचे पंप दुरुस्त करतात.
"माझा क्लॅरनेटवाला आंधळा होता, साहेब.
त्याच्या बोटांसाठी घेतलेला त्यो नंबर.
तवा बी स्वस्तात मिळाला. कुणाला नकोच होता."
वॉशर फुंकत विचारलं, "अजून कोण ईचारतं का आमाला?"
"रोज."
"मग काय सांगता?"

कारखाने सुरू झाले. रात्रपाळी माझी.
दोन वाजून दहा मिनिटं, एक रिंग, बंद.
उलट लावला.
ऊसतोडीच्या कोपीतलं पोरगं, बापाच्या पायाला चावलं होतं.
आष्ट्याहून गाडी निघाली.
"पाय बांधू नको, हलवू देऊ नको, फोन ठेवू नको."
फॉर्ममध्ये रकाना आहे म्हणून विचारलं,
नंबर कुठून मिळाला?
"भिताडावर हाय. वाजिवणाऱ्याचा.
म्हणलं बँडवाल्याकडं टेंपो तरी आसंल."

मग काय बोलावं सुचेना.
"चित्र कसलंय?"
बॅटरी फिरली असावी, थोडा वेळ नुसता श्वास.
"लाल कोट. तोंडात पिपाणी."
"अजून?"
"डोळे मिटल्यात त्याचे."

सकाळी मावशीनं कप ठेवत विचारलं,
कसा हाय त्यो?
"शुद्धीत आहे. तंबाखू मागतोय."
"देऊ नगा म्हणावं," म्हणाली, आणि गेली.

रजिस्टरात दोन रकाने आहेत,
खरा कॉल, चुकीचा कॉल.
त्या रात्रीची खूण अजून करायची राहिलीय.