अक्षरामागे चार पौंड

दगडावर आधी पेन्सिलीने लिहितो मी,
मग छिन्नी. अक्षरामागे चार पौंड,
स्वल्पविराम फुकट.

आडनाव लिस्टर. लिस्टर म्हणजे रंगारी.
कुणी खापरपणजोबा कोपरापर्यंत निळा असणार
ओढ्यात लोकर पिळताना.
माझे हात राखाडी. धुतले तरी
नखांच्या कडेला गावातली माणसं उरतात.

गाव स्किडल्थ्वेट. थ्वेट म्हणजे रान तोडून काढलेली जागा.
तोडलं कुणी, ते कुठल्याच दगडावर नाही.

नोरा वॉकर रोज येते नवऱ्याशी बोलायला,
चार पायांची चौकट पुढे ढकलत.
तिला वाटायचं, वॉकर म्हणजे चालणारी.
चालणारी खरी, म्हटलं, पण जागच्या जागी:
हौदात उभं राहून ओलं कापड तुडवायचं
दिवसभर, शिळ्या मुतात.
ती इतकी हसली की चौकट लटलटली.
"तरीच गुडघे गेले," म्हणाली.

मोठ्या घरचे लॉर्ड वारले फेब्रुवारीत.
कागद आला: नावाची अक्षरं अकरा,
पुढची-मागची बिरुदं सत्तेचाळीस.
बिरुदं खरवडली की खाली बहुतेक चाकरच निघतो.
मार्शल: घोड्यांचा मोतद्दार.
नाइट: नुसता पोऱ्या, हाकेसरशी धावणारा.
आणि लॉर्ड? जुन्या बोलीत पावाचा राखणदार,
कोठीच्या दारात बसून
कुणाला किती, ते बघणारा.
त्याची लेडी, कणीक मळणारी.

हे मी बाईंना सांगितलं नसतं.
पण त्या गमबूट घालून स्वतःच आल्या,
म्हणाल्या, काम करताना पुटपुटता काय?

"मळणारी?" त्यांनी हात उलटे करून पाहिले,
हरवलेली पावती शोधावी तसे.
"एकाहत्तर वर्षांत पिठाला बोट लावलं नाही.
आणि अँब्रोज राखणदार?
बॅक्स्टरांची भट्टी आम्हीच बंद केली, भाडं थकलं म्हणून."
मी गप्प. बॅक्स्टर म्हणजे भट्टीवाली बाई,
हे तर ओठांवरही आणलं नाही.

गुरुवारी परत आल्या. टॉवेलात पाव.
खाली करपलेला, मध्ये कच्चा,
जड इतका की त्यावरही अक्षरं कोरता आली असती.
कुंपणाच्या गडग्यावर बसलो. मी कड खाल्ली.
लोणी आणायचं त्या विसरल्या होत्या.

मग दगडापुढे उभ्या राहिल्या बराच वेळ.
"पेन्सिल पुसता येते?"
"येते. पावाच्या गाभ्याने. माझा उस्ताद तसंच पुसायचा."

त्यांनी गाभा उपसला, चिमटीत मळला,
आणि पुसत गेल्या, वरून खाली,
जिभेचं टोक दातांत धरून, शाळकरी पोरीसारख्या.
काळे गोळे गवतात पडले.
डोमकावळ्यांनी एक उचलला, टाकून दिला.

चेक मात्र अठ्ठावन्न अक्षरांचा.
"पुसलेल्यांचंही काम झालंच की," म्हणाल्या.
निघताना, पाठमोऱ्याच:
"बॅक्स्टरांपैकी कुणी उरलंय?"

हेझल आहे. केंडलला सुपरमार्केटात गल्ल्यावर बसते,
दिवसभर दुसऱ्यांचे पाव मोजते.
सांगितलं मी. पुढचं मला ठाऊक नाही.

छिन्नी उचलली. पहिलं अक्षर:
एकमेकींना टेकलेल्या दोन रेघा, मध्ये एक आडवी.