एकतिसावं बिल

महिन्याला तीस बिलं फुकट.
एकतिसाव्याला पडद्यावर कुलूप येतं,
पिवळं, हसऱ्या तोंडाचं.

आज चोवीस तारीख.
नागेश लेथवरून ओरडतो, टेंपो भरला, बिल दे.
चाळीस बुश, गनमेटलचे,
शिनोळीच्या नौकुडकरांचे.
उद्यमबागेत आज वीज आहे, ड्रायव्हर आहे, माल आहे.
कागद तेवढा नाही.

बसवराज गणपतीतच सांगून गेला होता,
रेणुक्का, विचार कशाला करूलालासा ओ,
वर्षाला तीन हजार. दिवसाला आठ रुपये.
आठ रुपयात चहा तरी येतो काय आता?
मी म्हटलं, फुकट ते पौष्टिक.
तो हसला, कानडीत पुटपुटला काहीतरी,
जे मला कळलं,
आणि मला कळलं हे त्यालाही कळलं.

फुकटाचं तसं वाईट नव्हतं.
आमच्या बिलाखाली स्वतःचं नाव छापायचं,
आमच्याहून ठळक.
एका गिऱ्हाइकानं विचारलंसुद्धा,
ही कंपनी पण तुमचीच काय?
दुसऱ्या आठवड्यापासून फोन सुरू झाले,
मॅडम, उलाढाल वाढली तुमची, लोन घेणार?
नागेशला जे मी सांगितलं नव्हतं
ते त्या बाईला तोंडपाठ.

आणि फुकटाला हद्द कळत नाही.
सगळ्यांना सारखंच, नऊ आणि नऊ.
हिंडलगा, सुळगा, बाची,
बाची संपली की शिनोळी,
टेंपोला हिसकासुद्धा बसत नाही
आणि एकोणतीसचं सत्तावीस होतं,
नऊ आणि नऊचे सलग अठरा.
बेरीज तीच. पैसे तेच.
दोनदा विसरले मी हातानं बदलायला
तर नौकुडकरांचं क्रेडिट तीन महिने लटकलं,
आणि ते फोनवर काही बोलले नाहीत,
नुसता श्वास सोडला.

पैशाच्यात हे सगळं आपसूक होतं.
एक चौकट येते: राज्य निवडा.
ज्या रेघेशी बाबा जन्मभर भांडले,
ज्या रेघेपायी एक नोव्हेंबरला
त्यांनी कधी शटर उघडलं नाही,
ती रेघ आता एवढीशी,
बोटानं खाली ओढायची, सोडायची.

फक्त एक.
फुकटात गावाचं नाव मी टाईप करीन तसं.
बेळगाव लिहिलं की बेळगाव.
पैशाच्यात यादी आहे, यादीतलंच घ्यायचं,
आणि यादीत आमचं गाव
सरकारी नावानं उभं,
बाहेरगावच्या लग्नात ओळखीचं माणूस
भलत्याच कपड्यात दिसावं तसं.

हेच अडलं होतं माझं. गणपतीपासून.
बसवराजला कसं सांगणार?
तीन हजाराचं कारण सांगितलं,
ते कुणालाही पटतं.

बाबांचं शेवटचं बिलबुक
अजून टेबलाच्या खणात आहे,
खडे बाजारात छापलेलं, कार्बन घातलेलं.
काढलं. म्हटलं आजच्यापुरतं हातानं लिहू.
कार्बन इतका वाळलेला
की वरचं बिल उमटलं
आणि खालचा कागद कोरा.

नागेशनं हॉर्न वाजवायला लावला ड्रायव्हरला.

मग भरले पैसे.
नव्यानं विचारलं, सुरुवात एकपासून करायची?
नाही. दोनशे चौदा.
राज्य: महाराष्ट्र. कर: अठरा, सलग.
गाव यादीतलं.
कागद प्रिंटरमधून गरम आला,
मी तो टेबलावर ठेवला,
आणि शिक्का मारला बाबांच्याच वेळचा,
लाकडी मुठीचा, जांभळ्या शाईचा,
ज्यावर गाव अजून आमच्या तोंडातलं आहे.
शिक्का जरा तिरका बसला.
यादीतल्या नावावर थोडासा चढला.

टेंपो गेला.
नागेश हात पुसत आला, कितीला पडलं?
दिवसाला दहा रुपये.
बसवराज तर आठ म्हणाला होता.
कर धरला नव्हता त्यानं, मी म्हटलं.
सॉफ्टवेअर पुण्याचं आहे. सलग अठरा लागतात.