पासपोर्ट साइझ

गड्ड्याच्या जत्रेला सर्कस आली होती त्या साली.
होम मैदानावर तंबू, कन्ना चौकात माझा स्टुडिओ:
एक स्टूल, दोन छत्र्या, मागे रंगवलेला पडदा,
त्यावर तळं, दोन हंस, आणि एक झाड,
ज्याला यलप्पा पेंटरनं आंबे काढले की संत्री
हे त्यालाही सांगता यायचं नाही.

दुपारी दीडला, मी डबा उघडायच्या बेतात,
चातुकुट्टी आला तिला कडेवर घेऊन.
"पासपोर्ट साइझ. सहा कॉपी. परवान्याला लागतात."
फॉर्मवर नाव: लिली. वय: अंदाजे नऊ.
खूण: डाव्या कानाला चीर.
बापाच्या नावापुढे कुणीतरी आडवी रेघ मारलेली.

गुलाबी फ्रॉक, झालर उसवलेली.
दारात पोरं जमली, मागावरचे दोघे-तिघे जमले.
"काय बे गुंडेटी, पावणी कुठली?"
मीही हसलो. धंदा आहे, हसावं लागतं.

आधी ती पडद्याकडे गेली.
झाडापुढे उभी राहिली.
हात वर करून त्या फळावर बोटं फिरवली,
मग नाक लावलं.
डिस्टेंपरचा वास आला असेल,
गेल्या पावसाळ्यातल्या ओलीचा आला असेल.
बोटं फ्रॉकला पुसली
आणि येऊन स्टुलावर बसली,
गुडघे जुळवून,
ओळखपत्राच्या फोटोला आलेल्या
विडीकामगार बायका बसतात तशी.

"हनुवटी जरा वर," सवयीनं बोलून गेलो.
तिनं केली.
दारातला गलका थांबला.
माग थांबले नाहीत. माग कशाला थांबतील.

"हसा."
ओठ ताणून तिनं सगळे दात दाखवले.
टाळ्या पडल्या, शिट्टी पडली,
मी बटन दाबलं.
चातुकुट्टी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला,
"हसत नाही साहेब ती. भ्यालीय.
हसते तेव्हा वरचे दात झाकलेले असतात."

रात्री तांबड्या बल्बखाली
ट्रेच्या पाण्यात ती वर आली,
आधी डोळे, मग बाकीचं.
दोरीवर दिवसभराचे इतर वाळत होते:
नव्यानं कामाला लागलेला पोरगा,
स्थळाला पाठवायचा म्हणून बसवलेली येमूलांची थोरली,
पेन्शनच्या कागदांसाठी आलेला जुना जॉबर.
सगळ्यांना मीच म्हणालो होतो, हसा.
उभ्या उभ्या एकेकाचे दात बघत राहिलो.

रिटचिंग माझ्या हातचा मळ.
गाल उजळ, सुरकुती गायब,
देवीचे व्रण तर असे पुसायचो की आईनं ओळखू नये.
पेन्सिलीला टोक केलं.
तिच्या चेहऱ्यावर कुठून सुरुवात करायची, ते सापडेना.
पेन्सिल ठेवून दिली.
त्या महिन्यात कुणालाच फार गोरं केलं नाही;
दोन गिऱ्हाइकं भांडून गेली.

सातवी कॉपी मी काढली, आपली आपल्यासाठी.
शोकेसमध्ये लावली, नवरा-नवरींच्या मधोमध.
लोक तिला बघून हसायचे
आणि त्याच काचेत बघून भांग पाडायचे.

एक सांगायचं राहिलं.
मी पावती लिहीत होतो तेव्हा
चातुकुट्टीनं तिला खिशातल्या शेंगा दिल्या.
टरफल दातानं फोडलं, दाणा तळव्यावर घेतला,
दुसऱ्या तळव्यानं चोळला,
आणि हलकेच फुंकर मारून
लाल साल उडवली.
आमच्या काउंटरवर, वहीवर, माझ्या बाहीवर.
वरचे दात झाकलेले होते.

रोल संपला नव्हता. दोन फिल्मा शिल्लक होत्या,
कॅमेरा हाताशी होता,
उजेड तर असा, की असा उजेड
जानेवारीत, दुपारी, पंधरा मिनिटं मिळतो.

पण तिनं तो सोललेला दाणा
माझ्यापुढे धरला होता.
एका हातात पेन.
दुसरा मी पुढे केला.