क्षयतिथी

इथे सर्जनला डॉक्टर म्हणत नाहीत, मिस्टर म्हणतात.
मिस्टर हॅलिवेलनी खुर्ची पुढे ओढली
आणि ती फरशीवर करकरली तेव्हाच
मी मनातल्या मनात केस कापून टाकले.

"कॅन्सर नाही."
हेरंबने मनगट इतकं दाबलं की बांगडी रुतली.
मग त्यांनी दुसरा शब्द काढला, दोन अक्षरी,
जरा चाचरत,
चुकीच्या पत्त्यावर आलेलं पार्सल परत करावं तसा.

हडर्सफील्डच्या उतारावरून बस खाली येत होती.
डाव्या कुशीशी पर्स, पर्सखाली गाठ,
कागदी लिंबाएवढी.

व्हिसाच्या वेळी छातीचा फोटो काढला होता.
फुप्फुसं स्वच्छ, शिक्का पक्का.
तिथे नव्हताच तो.
दुधाच्या वाटेवर कुठेतरी
पाय पोटाशी घेऊन तीस वर्षं निजला होता.

रात्री जिन्यावरून ऐकलं, हेरंब सांगलीला सांगत होता:
"साधी गाठ गं, आई. औषधाने जाईल."
कॅन्सरला निदान फुलं तरी आली असती.

गोळ्या सहा महिने.
नर्स ब्रॉनवेन म्हणाली, घाबरू नकोस,
लघवी, घाम, अश्रू, सगळं केशरी होईल.
लेन्स घालू नकोस, डागाळतात.
म्हणून मी चष्मा लावून रडले,
उशीच्या अभ्र्यावर,
आणि सकाळी तो वेगळा धुतला.
वेगळा.
हात साबणातच थांबले.

"लहानपणी घरात कुणी खोकायचं?"
पहिल्या भेटीत मी म्हटलं होतं, नाही आठवत.

आठवतं.
खिळ्याने फुली मारलेलं ताट.
फळीवर पालथा एकच पेला,
आणि त्यातलं उरलेलं कोकम
मी दाराआड उभी राहून प्यायचे,
कारण तिच्या पेल्यातलं जास्त गोड लागायचं.

पंचांगात एखादी तिथी
एकाही सूर्योदयाला सापडत नाही.
येते, सरते, तिच्या नावाचा दिवस उगवत नाही.
आत्या तशी. घरात होती,
माणसं मोजताना धरली नाही कुणी.

तिसऱ्या महिन्यात मीच फोन केला.
त्या रकान्यात लिही, ब्रॉनवेन. वडिलांची बहीण.
वय? एकतीस. नाही, पुढे वाढलं नाही.
नाव वेणू.
व्ही, ई, एन, यू.

"व्हीनस का? शेवटचा एस राहिला?"

नाही गं.
एवढंच होतं.