नांगी

काल्बुकोच्या कारखान्यात आई एकवीस वर्षं खेकडे सोलत होती.
उकडलेला, वाफाळता, उताणा पडलेला खेकडा;
अंगठा नेमका कुठे रोवायचा
ते तिच्या अंगठ्यालाच ठाऊक.
मांस डब्यात. कवच पिंपात.
पिंपं संध्याकाळी टेकडीमागच्या खड्ड्यात,
आणि वारा फिरला की तो खड्डा
आमच्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसायचा.

लिंबू चोळून चोळून तिची बोटं पांढरी पडली,
वास गेला नाही.
माझ्या वह्यांनाही यायचा. बाई वही उघडताना
खिडकी उघडायच्या, काही न बोलता.

आता त्याच कारखान्यातून मी कवचं मागवते.
पोत्यावर किलोचा भाव असतो.
आधी फुकट द्यायचे; आम्हीच बिघडवलं त्यांना.

पहिल्यांदा आम्ल : फसफसतं,
कवचातला सगळा चुना बुडबुडे होऊन निघून जातो.
मग कॉस्टिक सोडा, रात्रभर, कढत.
मांसाचा शेवटचा धागासुद्धा सुटतो
आणि उरतं ते पांढरं, चिवट, समुद्र विसरलेलं.
व्हिनेगर टाकलेल्या पाण्यात ते विरघळतं,
हो, कोबीवर घालतो तेच व्हिनेगर.
त्यात औषध. मग क्षार, थेंब थेंब,
आणि कुठल्या तरी एका थेंबाला
(कुठल्या, ते सहा वर्षांनंतरही मला आधी सांगता येत नाही)
नितळ पाणी निळसर होतं,
खाडीवर धुकं उतरावं तसं, एका श्वासात.

हे ते कण. एका केसाच्या जाडीत
तीन-चारशे शेजारी शेजारी बसतील.

डोळा मोठा संशयी. औषध घातलं
की रडून बाहेर काढतो.
शंभरातले जेमतेम पाच भाग आत शिरतात,
बाकीचे गालावर, उशीवर, नाकाच्या वाटेने घशात.
पण या कणांवर धन भार आहे
आणि डोळ्याच्या ओलाव्यावर ऋण.
फ्रेसिया ओयार्सून, आमची प्रमुख,
अहवालात एवढंच लिहिते.
मी लिहिलं असतं : जात सुटत नाही.
नांगी टाकली म्हणजे हरला, असं म्हणतात ना?
ही तर टाकलेलीच नांगी,
खड्ड्यात टाकलेली, चुना काढलेली, शिजवून विरघळवलेली,
तरी धरते.

आईला काचबिंदू. डावा डोळा गेला.
उजव्यात बोटीच्या गोल खिडकीएवढं जग शिल्लक आहे,
त्यात ती कपबशी शोधते, पायरी शोधते, मला शोधते.

एका रविवारी तिला प्रयोगशाळेत नेली.
बाटलीतून लाल लेसर सोडला. साध्या पाण्यात
किरण दिसत नाही; या पाण्यात दिसतो,
ताणलेल्या दोरीसारखा.
तिने मान तिरकी केली, उरलेल्या खिडकीत
तो किरण बसवला आणि बराच वेळ बसवून ठेवला.

“हे मी सोललेलं?”
“नाही आई. तू सोललेलं खड्ड्यात आहे.”
खोटं बोलता आलं असतं.

“कोणाच्या डोळ्यात घातलं?”
“सशांच्या. सोळा ससे.”
“आणि ससे बरे आहेत?”
“बरे आहेत.”
“मग माझं?”
“सात वर्षं. आठ. तेही सगळं नीट झालं तर.”
ती बोटांवर मोजायला लागली
आणि तिसऱ्या बोटावर थांबली.
मग बाटलीचं बूच काढून हुंगलं.
“वास कुठे गेला गं?” म्हणाली,
जशी काही मी तिची वस्तू हरवली होती.

रात्री तिच्या डोळ्यात दुकानातलाच थेंब घालते.
पंचाण्णव भाग निघायच्या तयारीत असतात.
डॉक्टरांनी सांगितलंय, नाकाजवळचा कोपरा
बोटाने दाबून धरायचा,
दोन मिनिटं, औषध पळू नये म्हणून.
ती डोळे मिटते.
“सोडू नकोस,” म्हणते.
मी अंगठा रोवते,
नेमका कुठे ते आता मलाही कळतं,
आणि धरून बसते.
दोन मिनिटं होऊन जातात.