शेऱ्याचा रकाना

फेब्रुवारी उतरला की पारोळ्यात पत्रा वाजायला लागतो.
हिलाल सकाळी आठपासून कूलरच्या बॉड्या ठोकतो,
मी आत वाळ्याचे ताटे मोजते.
यंदा राका साहेबांनी धुळ्याहून निरोप धाडला:
वहिनी, वही बास झाली. सॉफ्टवेअर घ्या.
जीएसटीवाले हस्ताक्षर वाचत नाहीत.

तीन आहेत म्हणे.
एक सगळे वापरतात ते,
त्याचे पैसे भरा आणि ते येणारा माणूसही ठेवा.
दुसरं मोबाईलवरचं, फुकट,
फक्त बिलाखाली त्याचं नाव
आमच्या नावापेक्षा मोठं.
तिसरं ढगात असतं.
ढग. पारोळ्यात. एप्रिलमध्ये.
हिलाल हसला आणि हातोडी बोटावर बसली.

भंगाळे नावाचा पोरगा जळगावहून आला दाखवायला,
तिन्ही विकतो, तिन्हींची शपथ घेतो.
गळ्यात पट्टा, पाठीवर घामाचा नकाशा.
आपलाच कूलर लावून बसवलं त्याला.
चहा नको म्हणाला, दोनदा प्याला.
ग्राहकाचं नाव सांगा ताई.
मी वही उघडून वाचलं:
म्हसव्याचा उंच, तीन फुटी, अकराशे बाकी.
शेवभाजीवाली, मधला पंखा.
ज्याची पोरगी नर्स.
तो म्हणाला, तसं नाही. नाव. आडनाव. मोबाईल.
इथं लाल चांदणी आहे ना,
ती भरल्याशिवाय पुढं जात नाही.

माझ्या फोनमधून तेवीस नंबर घेतले त्यानं,
आणि म्हणाला, हे बघा, एका बोटात वसुली.
खरंच एकच बोट होतं.
आपली थकबाकी त्वरित भरावी, अन्यथा.
अन्यथाच्या पुढं काय होतं कुणी वाचलं नाही,
तेवढ्यावरच भागलं.

पहिला फोन सासूबाईंच्या माहेरचा.
तो मी हिलालला दिला.
दिवेलागणीला लोटन टेलर आला,
सायकल दारात आडवी:
"वहिनी, तुन्हा मोबाईल मन्हा मांगे काबर लागना?"
मग स्टुलावर बसून बोटं मोडायला लागला.
दुकानाचा पडदा. हिलालच्या दोन पँटी.
पोरीचा गॅदरिंगचा झगा,
रात्री बारापर्यंत मशीन चालवून,
टिकल्या तर त्याच्या बायकोनं लावलेल्या.
आमचे नऊशे. त्याचे साडेनऊशे.
वहीत होतं सगळं, शेवटून दुसऱ्या पानावर,
उलट्या बाजूनं, पेन्सिलीत: लोटनचं आपल्याकडे.
पन्नासची नोट दिली. घेतली नाही.
पडद्याला हात लावून पाहिला, शिवण कशी टिकलीय ते,
आणि गेला.

भंगाळेला विचारलं, यात उलटी बाजू कुठं असते?
तो बराच वेळ गप्प.
जर्नल एंट्री म्हणतात त्याला, तो म्हणाला.
आणि पेन्सिल?
शेरा म्हणून रकाना असतो ताई, पण तो कुणी भरत नाही.

रात्री तिन्ही उघडून बसले.
फुकटवाल्यात शेराच नव्हता.
सगळ्यांच्यात चाळीस अक्षरं,
टिकल्यांपर्यंत पोचायच्या आत संपली.
ढगातल्यात लिहीत गेले, लिहीत गेले,
रकाना खाली खाली सरकून जागा देत राहिला,
टिकल्या मावल्या, बायकोचं नाव मावलं.
मध्ये लाईट गेली.
पंखा थांबला, डास आले,
आली तेव्हा अक्षर न् अक्षर जागेवर.

महिन्याला सहाशे, मी सांगितलं.
हिलाल पट्टी बांधलेलं बोट बघत म्हणाला,
म्हणजे शेऱ्याचेच सहाशे.
हो, शेऱ्याचेच.

वसुलीचं बटण आधी बंद केलं.
मग पहिलं खातं.
नाव: म्हसव्याचा.
आडनाव: उंच.
लाल चांदणी गेली, पुढचं पान उघडलं.
आता मार्चअखेरीला राका साहेब विचारतील,
हे उंच म्हणजे कुणाचं घराणं, वहिनी?