तळवा

औशाला, निलंगा रोडवर, पंक्चरवाल्याच्या पलीकडं
गहिनीनाथ सुरवसे यांचं दुकान. पंप, नोझल, टायमिंग.
बावीस वर्षं ते जहाजावर तेल्या होते,
हे पाटीवर लिहिलेलं नाही.

लामजन्याहून एकानं कडबाकुट्टीचं इंजिन आणलं.
मी हँडल मारलं, अर्धवट मारलं,
इंजिननं झटका दिला आणि ते उलटंच सुरू झालं.
फिल्टरातून काळा धूर,
सायलेन्सर हवा आत ओढतोय.
मी फिल्टर दाबायला धावलो. हात भाजला.
मामांनी बादलीतलं ओलं पोतं उचललं
आणि सायलेन्सरच्या तोंडावर धरलं.
इंजिन गुदमरलं, दोनदा उचकलं, बसलं.
"उलटं फिरलं की नाक बदलतंय लेका.
आदी बघावं, श्वास कुठनं घेतंय."

संध्याकाळी हाताला कोलगेट चोळून मी विचारलं,
मग जहाज मागं कसं घेत्यात?
ब्रेक कुठं असतंय?

"ब्रेक नस्तंय."

मामांनी चहाची बशी पालथी ठेवली.
"वरनं काटा फिरतोय. थांबा. लगेच, पूर्ण मागं.
डिझेल तोडायचं. तोडलं तरी पंखा फिरतच ऱ्हातोय,
कारण जहाज चालूय, पाणीच त्याला फिरवतंय.
तवा थांबायचं. नुसतं बघत थांबायचं, आकडा उतरंपर्यंत.
मग आतला कॅमचा दांडा सरकवायचा
आन् टाकीतली हवा सोडायची, उलट्या अंगानं.
हवा मोजकी. धा-बारा डावाची.
त्या रातीला पहिला डाव वाया गेला."

दुसऱ्याला धरलं.
पायाखालची जाळी थरथरली,
पाने खिळ्यावरनं उड्या मारू लागले,
इंजिन मागं जातंय, जहाज पुढंच.
किती वेळ?
"अकरा मिन्टं. घड्याळ माझ्या समोर होतं."

इंजिनरूमला खिडकी नसते.
पाण्याच्या खाली चार माणसं,
एक काटा, एक घड्याळ,
आणि पुढं काय आहे ते वरच्यांनाच ठाऊक.

"सकाळी डेकवरच्या पोराला विचारलं.
म्हणालं, काही नव्हतं.
जेवताना परत म्हणालं,
एक बारका दिवा होता."

मग?

मामांनी बशी सरळ केली, पुसली.
रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर रिव्हर्स घेत होता,
दोन ट्रॉल्या, एक पोरगं मागं उभं राहून
येऊ दे, येऊ दे, म्हणत होतं.
मामा ते बघत राहिले, पोरगं बाजूला होईपर्यंत.

"ऊठ. टायमिंग बसवलंय.
आता हँडल पुरं मार. अर्धं मारू नको."

मारलं. लागलं.
मामांनी सायलेन्सरसमोर तळवा धरला,
लागतं त्याहून बराच जास्त वेळ,
धूर बाहेरच येतोय का
बघत.